दऱ्या की दर्या?

बाबांच्या ट्रेकच्या नोंदींत भर घालायला परवा एडिटर उघडला. 'दऱ्या' लिहायला द, र, हलन्त, य आणि काना दाबला, तर उमटलं 'दर्या'. हरिश्चंद्रगडाला थेट समुद्र! फॉन्ट बदलला, कीबोर्ड बदलला. ढिम्म फरक नाही.

दोष कीबोर्डचा नव्हताच, गोष्ट जुनी निघाली. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली 'इस्की' हे मानक आलं. त्यात 'र्' पुढे व्यंजन आलं की रफार, हा नियम. मग आपल्या मराठीच्या पापणीसारख्या अर्ध्या र चं काय? त्याला वाट मिळाली 'ऱ' मधून. हे अक्षर एरवी द्राविडी भाषांतला र लिहायला वापरतात. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. झालं काम!

युनिकोडने हीच पद्धत घेतली. पण १९९६ च्या २.० आवृत्तीतली र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह ही रीतही जुन्या मजकुरासाठी चालू ठेवली. म्हणजे दिसायला एकच अक्षर, आत स्पेलिंगं दोन.

बाबांनी २००७ साली स्वतः टाईप केलेल्या फाईलमध्ये 'दऱ्या' शोधलं. उत्तर शून्य! समोर पानभर दऱ्या दिसतायत, पण सगळ्या जोडचिन्हवाल्या. बाबा आता नाहीत, त्यामुळे ते शून्य जरा लागलंच. शेवटी फाईंड-रिप्लेस करून सगळं एका रीतीत आणलं. मूळ फाईल मात्र तशीच ठेवलीय.

असो. तुमच्याही जुन्या फायली एकदा तपासून बघा.