रक्तस्राव थांबवण्याचा पेच

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वितळलेले लोह बाहेर काढून झाले की भट्टीच्या बुडाजवळचे छिद्र चिकणमातीच्या लगद्याने, यंत्राच्या दाबाने बुजवतात. भट्टीच्या उष्णतेनेच तो लगदा कठीण होतो. धमनीला पडलेले छिद्र मात्र असे बुजवता येत नाही. बूच आत शिरले तर रक्तस्राव थांबेल, पण पुढचा अवयव रक्तावाचून मरेल.

सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय आहेत : तुरट द्रव्यांनी संधान, थंडाव्याने स्कंदन, भस्माने पाचन आणि डाग देऊन दहन. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआज पारे याने अवयव कापल्यावर डाग देण्याऐवजी वाहिनी धाग्याने बांधण्याचा पुरस्कार केला. रक्त थांबे, परंतु बांधलेली वाहिनी कायमची मिटे.

१८९४ साली ल्याँ येथे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना भोसकण्यात आले. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटली होती आणि ती शिवण्याची खात्रीची रीत कोणापाशीच नव्हती. त्याच शहरातील तरुण वैद्यक विद्यार्थी अलेक्सी कारेल पुढे भरतकामातला बारीक टाका शिकला. १९०२ साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या कडेला समान अंतरावर तीन टाके घालून ते ताणले की वर्तुळाचा त्रिकोण होतो, आणि सरळ बाजू शिवणे सोपे जाते. शाळकरी भूमितीच ती! १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

तरी पेच पुरता सुटला नव्हता. चिमट्याने अडवलेले रक्त गोठू लागते. १९१६ पासून पुढे आलेल्या हेपारिनने ते रोखले. पण मग सुईच्या प्रत्येक छिद्रातून रक्त झिरपत राहते. उतारा माशात सापडला. फ्रीडरिख मीशर याने १८७४ साली ऱ्हाइन नदीतील साल्मनच्या शुक्रपेशींतून प्रोटामिन वेगळे केले होते. ते हेपारिनचा प्रभाव नाहीसा करते, हे १९३७ साली दिसून आले. हेपारिनवर ऋण विद्युत्भार, प्रोटामिनवर धन. दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात. मात्र प्रोटामिन घाईने दिले तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि जास्त झाले तर तेच रक्त गोठण्यात अडथळा आणते. म्हणून ते मोजून, सावकाश देतात.

मोठ्या धमन्या जोडण्याची कसोटी हृदयप्रत्यारोपणात लागते. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. महाधमनी आणि फुप्फुसधमनी नव्या हृदयाला शिवल्या गेल्या. रुग्ण काही तासच जगला.