लिंकन यांच्या हत्येचा अंक: अस्सल आणि नक्कल

अब्राहम लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ च्या रात्री सव्वादहाच्या सुमारास वॉशिंग्टनमधील फोर्ड नाट्यगृहात गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी समोरच्याच एका घरात त्यांनी प्राण सोडला. तारायंत्रावरून तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या या वार्तेवर ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने १५ एप्रिल या एकाच तारखेच्या सात आवृत्त्या काढल्या. पहाटे दोनच्या आवृत्तीत राष्ट्राध्यक्ष घायाळ आहेत, पण जिवंत आहेत. दिवस वर येतो तेव्हाच्या आवृत्तीत ते गेलेले आहेत. म्हणून जुन्या वृत्तपत्रांचा जाणता संग्राहक तारखेवर थांबत नाही, तो आवृत्तीची वेळही पाहतो. २०१५ मध्ये, घटनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, वॉशिंग्टनच्या न्यूझियम या वृत्तपत्र-संग्रहालयाने या सातही आवृत्त्या एकत्र मांडल्या होत्या.

त्या काळच्या अमेरिकन अंकांत शोक व्यक्त होई तो जाड काळ्या रेघांनी, आणि या रेघांसाठी वेगळे साहित्य लागत नसे. दोन स्तंभांमधली बारीक रेघ छापणारी धातूची पट्टी, म्हणजे रूळ, वरच्या कडेला निमुळती आणि बुडाशी जाड असे. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, ती उलटी बसवी आणि बूडच कागदावर उमटे. मजकूर हाताने जुळवला जात असताना, पुढची तार केव्हा येईल याचा नेम नसताना, ज्यांनी हे रूळ उलटवले त्यांची नावे पानावर नाहीत, पण त्यांची ती रात्र या रेघांत शिल्लक आहे.

‘हेरल्ड’चा हा अंक पुढील दशकांत स्मरणवस्तू म्हणून इतक्या वेळा पुन्हा छापला गेला की आज घरोघरच्या पेट्यांतून निघणाऱ्या प्रती बहुतांशी नकलाच असतात. काहींवर औषधांच्या जाहिरातीही आढळतात. अनेक नकलांच्या पहिल्या पानावर लिंकन यांचे चित्र असते, आणि नक्कल ओळखण्याची सर्वांत सोपी खूण तीच. कारण अस्सल अंकाच्या पहिल्या पानावर चित्र नव्हतेच. नंतरच्या छापणाऱ्यांना मजकुराने भरलेले ते पान अपुरे वाटले असावे, परंतु त्याचे मोल त्या अपुरेपणातच आहे, कारण इतिहास घडत असताना माणसांना जेवढे ठाऊक होते तेवढेच त्यावर आहे.

कागदाचीही साक्ष घ्यावी लागते. १८६५ मधील कागद प्रामुख्याने चिंध्यांच्या लगद्याचा असल्यामुळे नीट जपलेला अंक अजून लवचिक राहतो. त्यानंतर रूढ झालेल्या लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल तयार होते आणि तो पिवळा पडून घडीवर तुटतो. महात्मा गांधींच्या हत्येची वार्ता देणारे ३१ जानेवारी १९४८ चे अंक या दुसऱ्या कागदावरचे आहेत, म्हणजे वयाने ८३ वर्षांनी लहान असूनही ते अधिक वेगाने झिजत आहेत. ज्या मराठी घरात असा अंक असेल, तेथे पहिले पान कापून चौकटीत लावू नये, प्लास्टिकमध्ये डकवू नये. आतल्या बाजारभावांसह आणि किरकोळ जाहिरातींसह सगळी पाने घडी उलगडून, आम्लरहित कागदात, उजेडापासून दूर आडवी ठेवावीत.