जोलिएट ज्युनिअर कॉलेज

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील, शिकागोच्या नैर्ऋत्येस असलेल्या जोलिएट शहरातील सार्वजनिक समुदाय महाविद्यालय. स्थापना १९०१. देशातील या प्रकारचे हे सर्वांत जुने महाविद्यालय मानले जाते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या माध्यमिक शाळेचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी अवघ्या ६ विद्यार्थ्यांवर हा प्रयोग सुरू केला. घर न सोडता विद्यापीठाची पहिली २ वर्षे पुरी करता यावीत, हा हेतू. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांना याचा मोठा आधार झाला. सुरुवातीचे वर्ग शाळेतच भरत. सध्याचे नाव १९१६ मध्ये मिळाले. राज्याच्या १९६५ च्या कायद्यानंतर ते शाळेपासून वेगळे होऊन स्वतंत्र महाविद्यालयीन जिल्ह्याच्या कारभाराखाली आले.

येथे २ वर्षांची सहयोगी पदवी आणि अल्पमुदतीची प्रमाणपत्रे मिळतात. सहयोगी पदवीनंतर अनेक विद्यार्थी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जातात. व्यावसायिक शाखांत परिचर्या, पाककला आणि कृषी यांचे शिक्षण आहे. कृषी शाखेचे शिक्षण वर्गापुरते राहत नाही : महाविद्यालयाच्या स्वतःच्या शेतावर मका व सोयाबीनची प्रात्यक्षिके होतात. प्रौढांसाठी इंग्रजी आणि माध्यमिक समकक्षतेचे वर्गही चालतात.