कामावरच्या माणसाची शाळा

कल्याणहून येणारा रस्ता जेथे मुंब्रा-पनवेल रस्त्यास मिळतो आणि जेथून महाप्याकडे वळता येते, त्या ठिकाणास शीळफाटा म्हणतात, हे या भागातील श्रोत्यांस सांगण्याची गरज नाही. या फाट्यावर आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातील काही तास गाडीत बसून, पुढच्या मालमोटारीची पाठ न्याहाळत काढलेले आहेत. परंतु याच जागेभोवती, दोन-तीन कोसांच्या आत, गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांतील बांधकामांचा एक अखंड इतिहास पडलेला आहे. १८५४ साली रेल्वे ठाण्याहून कल्याणास आली, तेव्हा तिने ठाण्याची खाडी ओलांडली आणि मुंब्र्याच्या बाजूस डोंगराची सोंड फोडून वाट काढली. १९१६ साली सव्वा किलोमीटरहून लांब असा पारसिकचा बोगदा खुला झाला. आणि आता मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा, वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा एकवीस किलोमीटरचा बोगदा जमिनीतून वर येतो तो शीळफाट्यासच.

या कामांच्या कथा सांगताना पुलांची आणि इंजिनांची वर्णने पुष्कळ होतात. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते एका निराळ्या माणसाविषयी. हा माणूस नकाशा काढीत नाही आणि घमेलेही उचलीत नाही. पैसा, माल, माणसे आणि पावसाळा या चार बेभरवशाच्या गोष्टींची मोट बांधून ठरल्या तारखेस काम पुरे करणे, हा त्याचा व्यवसाय. पूर्वी त्यास कोणी कामाचा कारभारी म्हणे, कोणी साइटवरचा साहेब. आज त्याचे नाव प्रोजेक्ट मॅनेजर असे झाले आहे. या माणसास त्याचे काम शिकविले कोणी, हा आमचा प्रश्न आहे.

आरंभीचे उत्तर अगदी साधे आहे. त्यास कोणी शिकवीत नसे; तो कोणाच्या तरी हाताखाली राहून शिके. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली हे विलायतेत रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले होते. आपल्याकडचा पाथरवट बापाच्या हाताखाली तयार होई, त्याहून ही रीत फार वेगळी नव्हती. मात्र रेल्वे कल्याणास पोचली त्याच वर्षी, म्हणजे १८५४ च्या जुलैत, पुण्यास एक वर्ग उघडला. ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ हे त्याचे नाव. पुढे याचेच इंजिनियरिंग कॉलेज झाले. इमारती, धरणे, कालवे, पूल व रेल्वे यांच्या कामांवर लागणारे दुय्यम दर्जाचे नोकर तयार करणे हा त्याचा उद्देश होता. ‘दुय्यम’ हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. वरचा साहेब विलायतेहून यावयाचा. त्याच्यासाठी १८७१ साली तिकडे कूपर्स हिल येथे स्वतंत्र कॉलेजच काढण्यात आले. येथे शिकावयाचे ते मोजमाप, आराखडा, खर्चाचा अंदाज. माणसे कशी सांभाळावी आणि वेळ कसा राखावा हे शिक्षण ना येथे होते, ना तेथे.

याचा परिणाम काय झाला, हे पाहावयास फार लांब जावे लागत नाही. बोरघाटाचे काम १८५६ साली फेव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने सुरू केले. मुंबई ते ठाणे हा पहिला मार्गही याच गृहस्थाच्या कंत्राटातला. म्हणजे माणूस अनुभवी होता, कामाचा जाणता होता. परंतु सपाटीवरचे काम निराळे आणि घाटातले निराळे. घाटात पंचवीस बोगदे पाडावयाचे होते. त्यासाठी हजारो माणसे डोंगरावर वस्तीस होती आणि त्यांची मजुरी मुख्य कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदारांच्या हातून, एकाकडून दुसऱ्याकडे झिरपत, खाली यावयाची. ती झिरपेनाशी झाली. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा उठाव झाला आणि त्यात प्राणहानीही झाली. चौकशी झाली, फेव्हिएलने त्याच वर्षी काम सोडले, आणि पुढच्याच वर्षी रेल्वे, कालवे व सार्वजनिक कामे यांवरील मजुरीच्या तंट्यांचा झटपट निकाल लावण्यासाठी सरकारला एक कायदा करावा लागला. सुरुंगाची दारू किती भरावी हे ज्यास ठाऊक होते, त्यास हाताखालच्या हाताखालच्या माणसास शनिवारी पैसे मिळाले की नाही, हे ठाऊक नव्हते. आमच्या मते या प्रांतातील प्रकल्प-व्यवस्थापनाच्या इतिहासाचा पहिला धडा खंडाळ्यास लिहिला गेला आहे. तो कोणत्याही अभ्यासक्रमात मात्र पुढे शंभर वर्षे शिरला नाही.

त्यानंतरची हकीकत अधिक विलक्षण आहे. फेव्हिएलच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आले, आणि थोड्याच आठवड्यांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट सोडून दिले नाही. अॅडमसन व क्लाउजर या दोन इंजिनियरांवर प्रत्यक्ष काम सोपवून त्यांनी ते चालू ठेविले. घाटात पटकीची साथ होती. तरीही एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत माणसे कामास लागली, आणि १८६३ साली घाट गाडीस खुला झाला. या बाईंनी ना पुण्याचा वर्ग पाहिला होता, ना विलायतेतले कोणते विद्यालय. त्यांस एवढे उमजले की, स्वतःस जे येत नाही ते येणाऱ्याच्या हाती द्यावे आणि हिशेब मात्र आपल्याकडे ठेवावा. अशी उमज उपजत असणारी माणसे दर पिढीत चार-दोनच निघतात, आणि कामे तर शेकड्यांनी निघतात. अडचण नेमकी तेथे आहे.

सरकारी बांधकाम खात्याने या अडचणीवर आपल्या पद्धतीचा तोडगा काढला. त्याने माणूस घडविण्याऐवजी वही घडविली. मोजमापाची वही, जिला अजूनही सर्वजण एम. बी. म्हणतात, हजेरीपट, मंजूर अंदाजपत्रक, अशा कागदांच्या कुंपणात ओव्हरसियरास उभे केले. हे कुंपण हास्यास्पद वाटते खरे, पण चोरी अडविण्यास ते पुष्कळ उपयोगी पडले, हेही कबूल केले पाहिजे. उमेदवारास खरे शिक्षण मिळे ते पहिल्या नेमणुकीवर. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या कॉलेजातून बाहेर पडले आणि पुढल्या वर्षी मुंबई इलाख्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून नाशकास लागले. लवकरच त्यांच्याकडे धुळे भागात पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बसविण्याचे काम आले. पावसाने काम अडू लागले, तेव्हा ते पुढे ढकलावे असे या तरुण अधिकाऱ्यास वाटले. वरिष्ठांस ते रुचले नाही. आणि अखेर पुराशी झटत त्यांनी ते पुरे केले. कॉलेजात जलशास्त्र त्यांनी उत्तम केले असेल. पण पुढे कृष्णराजसागर बांधणाऱ्या माणसाने पावसाशी तारखांचा सौदा कसा करावा, हे पांझरेच्या काठी शिकून घेतले असावे, असे म्हणावयास आम्हांस हरकत वाटत नाही.

खाजगी धंद्यातील उदाहरण याहून मौजेचे आहे. सोलापूरच्या व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेच्या कंत्राटांत पाऊल टाकले, तेव्हा त्यांचे गुरू कोण होते? लक्ष्मणराव फाटक, रेल्वेतले एक माजी कारकून! फाटक यांस रेल्वेचे अंतरंग ठाऊक होते, वालचंदांपाशी भांडवल आणि धडाडी होती. फाटक-वालचंद ही भागीदारी हीच त्यांची शाळा. याच वालचंदांनी १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली, आणि तिचे पहिले मोठे काम होते बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे. ज्या डोंगरात फेव्हिएलने हात टेकले, त्याच डोंगरात सत्तर वर्षांनी आपल्या मुलखातली मंडळी कंत्राटदार म्हणून उभी राहिली. हे सर्व शिक्षण मात्र तोंडी होते. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाई आणि माणूस गेला की पुष्कळसे त्याच्याबरोबर जाई.

या कामाचे शास्त्र झाले ते १९५७-५८ च्या सुमारास, अमेरिकेत. एका रसायन कंपनीने आणि त्या देशाच्या नौदलाने, निरनिराळ्या वाटांनी, एकच युक्ती काढली. सगळे काम तुकड्यांत मांडावे, कोणता तुकडा कोणावाचून अडतो ते रेघांनी जोडावे, आणि ज्या साखळीतील एक दिवस चुकला असता सबंध कामाचा एक दिवस चुकतो, ती साखळी शोधून तिच्यावर डोळा ठेवावा. लग्नघरातील जाणती आजी हेच करते. आचारी एक दिवस उशिरा आला तर चालेल, पण भटजी चुकला तर मुहूर्त गेला, हे तिला कागदावाचून कळते. फरक इतकाच की आता ते दुसऱ्यास शिकविता येऊ लागले. १९६९ साली तिकडे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट निघाली आणि १९८४ पासून तिची परीक्षा सुरू झाली. ती परीक्षा उतरलेल्यासही दर तीन वर्षांत साठ तासांचे नवे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. नाही तर पदवी जाते. आपल्याकडे नाशिकला सरकारी अभियंत्यांसाठी प्रशिक्षण संस्था उभी राहिली, रेल्वेने पुण्यास आपल्या स्थापत्य अभियंत्यांची सोय केली, आणि १९८३ साली बांधकाम धंद्यातील कंपन्यांनीच मिळून निकमार ही संस्था काढली. तिचे पुण्यातील बालेवाडीचे आवार अनेकांनी पाहिले असेल. धंद्याने आपल्या पैशाने आपल्या माणसांसाठी शाळा काढावी, ही घटना लहान नाही. पुढे कोकण रेल्वेवर श्रीधरन यांनी कचेऱ्यांतून उलटी मोजणारी घड्याळे लावली आणि तरुण अभियंत्यांच्या हाती जागच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार दिला; १९९८ च्या जानेवारीत तो मार्ग सलग खुला झाला. दिव्याहून कोकणात जाणाऱ्या प्रवाशास हे निराळे सांगावयास नको.

आता पुन्हा शीळफाट्यास येऊ. घणसोली ते शीळफाटा हा बोगद्याचा ४.८८ किलोमीटरचा भाग यंत्राने पोखरलेला नाही. तो सुरुंग लावून, पुढे सरकत, प्रत्येक पावलास खडक कसा वागतो हे उपकरणांनी मोजून, त्याप्रमाणे काँक्रीटचा फवारा व आधार ठरवून काढला आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी त्याची दोन तोंडे मिळाली. पारसिकच्या डोंगराखाली हा मार्ग ११४ मीटर खोलवर जातो. या पद्धतीत नकाशा रोज थोडा बदलतो; म्हणून मोजणारा, ठरविणारा आणि थांबा म्हणणारा माणूस प्रत्यक्ष जागेवर, शिकलेला आणि अधिकार असलेला, असा लागतो. याच प्रकल्पाच्या रूळांसाठी सुरतेच्या डेपोत मुद्दाम सरावाचे मार्ग बांधले आणि जपानी तज्ज्ञांकडून आपल्या अभियंत्यांस व कामावरील प्रमुखांस शिक्षण देण्याची योजना केली. फेव्हिएलपासून येथवरची वाटचाल पाहिली म्हणजे समाधान वाटते.

परंतु हे समाधान पुरते भोगता येत नाही. याच शीळफाट्यावर, लकी कंपाउंडमध्ये, ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी परवानगीवाचून उभारलेली एक बहुमजली इमारत कोसळली. चौऱ्याहत्तर माणसे मेली. वरचे काम चालू असताना खाली कामगार आणि इतर कुटुंबे राहात होती. मृतांत मुले होती. बिल्डर, पालिकेचे अधिकारी आणि पोलीस यांस अटक झाली. लाच, लोभ आणि घरांची टंचाई यांची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली व ती योग्यच होती. आम्ही फक्त आपल्या विषयापुरते एक पाहतो. भारतीय प्रमाणसंहिता सांगते की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू निदान सात दिवस काढू नयेत, त्याहून लांब स्लॅबचे चौदा दिवस; आणि काँक्रीट किमान सात दिवस ओले ठेवावे. ही इमारत अवघ्या काही महिन्यांच्या आत मजल्यावर मजला चढवीत उभी केली होती. हे दिवस मोजणारा तेथे कोण होता?

कायद्यानेही अशा जागेकडे पाहिले नव्हते, असे म्हणावे लागते. त्या वेळी लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात, ज्या कामावर पाचशे किंवा अधिक माणसे असतील तेथे सुरक्षा अधिकारी नेमावा, असे होते. सात-आठ मजल्यांच्या चाळवजा इमारतीवर पाचशे माणसे एकदम कधी लागत नाहीत. २०२० च्या संहितेने हा आकडा अडीचशेवर आणला. तेवढीही लागत नाहीत. तेव्हा शिकलेला माणूस बोगद्यावर असतो, आणि कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा येथे आपण ज्या घरांत राहतो त्यांतील कितीएक घरांवर असतो तो मुकादम. तो सकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसांतून बोट दाखवून दहा-बारा जण निवडतो, त्यांना टेम्पोत घालतो आणि मजला भरावयास नेतो. टेकू कोणत्या दिवशी काढावे हे त्यास कोणी सांगितले असेल, तर त्याच्या आधीच्या मुकादमाने.