मुदगडचा मल्ल आणि घरातला खुराक



गावात जत्रा असली की आपला दिवस कसा जातो, ते तुम्हाला सांगायला नको. नैवेद्य होतो, पाहुण्यांच्या पंगती उठतात आणि आपण भांडी घासायला बसतो. तेवढ्यात हलगी वाजायला लागते. गडीमाणसं फेटे सावरत कुस्तीच्या फडाकडं निघतात. आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या आणि दिवस मावळता मावळता मानाची शेवटची कुस्ती. आपण ती बघतो माळवदावरून, लांबून. नाहीतर बघतच नाही. कोण जिंकलं ते रात्री भाकरी वाढताना कानावर पडतं.

आज त्याच फडाची गोष्ट सांगणार आहे, कारण त्या फडातून आपल्या निलंगा तालुक्याचा एक माणूस थेट विलायतेला गेला आणि सोनं घेऊन आला. त्यांचं नाव हरिश्चंद्र बिराजदार. गाव रामलिंग मुदगड.

त्यांचा जन्म ५ जून १९५० चा. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. आपला तालुका बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो उस्मानाबादला जोडला गेला आणि लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली. म्हणजे या माणसानं नाव कमावलं तेव्हा लातूर जिल्हा नकाशावर नव्हताच. मोठी तालीम नाही, मोठं मैदान नाही. होती ती जत्रेतली माती.

त्या काळी पैलवान व्हायचं तर वाट कोल्हापूरकडं जायची. शाहू महाराजांनी तिथं कुस्तीला आसरा दिला होता. १९१२ साली खासबाग मैदान बांधून झालं. पेठापेठांत तालमी होत्या आणि खेड्यापाड्यांतली पोरं तिथं राहून मेहनत करायची. बिराजदारही त्याच वाटेनं कोल्हापूरला गेले.

तालीम म्हणजे काय, ते जरा सांगते, कारण आपल्यातल्या बहुतेकींनी आतून पाहिलेली नसते. मध्ये तांबड्या मातीचा हौदा. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मऊ राखायची. पहाटे अंधारात उठायचं, शेकड्यांनी जोर आणि बैठका मारायच्या, मग लढत करायची. दुपारी झोप, संध्याकाळी परत मेहनत. सगळा दिवस अंगावर खर्च करायचा. अशा माणसानं रोजगाराला जायचं कधी? म्हणून त्याचा खुराक दुसऱ्या कुणीतरी पुरवावा लागतो.

आपण बचत गटात पै-पैचा हिशोब लिहितो. तसा एका पैलवानाचा हिशोब मांडून बघा. दूध, तूप, बदाम, थंडाई, पीठ, डाळ. आता दुसरा रकाना मांडा. म्हशीला वैरण कुणी टाकली? धार कुणी काढली? लोणी कढवून तुपाचा डबा कुणी भरला? घरातल्या बाकीच्या लेकरांच्या ताटात दूध कमी पडलं तेव्हा त्यांची समजूत कुणी काढली? हा दुसरा रकाना कुठल्याच कुस्तीच्या पुस्तकात लिहिलेला नसतो. पण एकेका पैलवानामागं असं एक घर आणि घरातल्या बाया असतात, हे तुम्ही-आम्ही जाणतो.

आता मैदानाकडं येऊ. राज्यातली सगळ्यात मानाची कुस्ती म्हणजे महाराष्ट्र केसरी. ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली आणि पहिली कुस्ती झाली ती आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादला. १९६९ साली स्पर्धा लातूरला भरली. कोल्हापूर, सांगली, पुण्याचे एकाहून एक मल्ल आले. त्यांच्यातून महाराष्ट्र केसरी झाले हरिश्चंद्र बिराजदार. वय १९. आपल्याच मुलखात, आपल्याच माणसांपुढं. त्या दिवशी लातुरात काय जल्लोष झाला असेल, त्याची कल्पनाच करा.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९७० च्या जुलैमध्ये, राष्ट्रकुल स्पर्धा स्कॉटलंड देशातल्या एडिनबर्गला होत्या. तिथली कुस्ती वेगळी. आपल्या मातीत पाठ लागली की निकाल. तोवर अर्धा तास लागो की तासभर. तिथं मात्र गादी, ठरलेली वेळ आणि गुण. मातीत वाढलेल्या माणसाला गादीवर पायाची पकडही निराळी धरावी लागते. तरी बिराजदारांनी सुवर्णपदक जिंकलं. त्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून भारताला ५ सुवर्णपदकं मिळाली आणि ती पाचही कुस्तीतली. त्यातलं एक मुदगडचं.

ज्या स्कॉटलंडमध्ये हे घडलं, तिथलीच एक जुनी गोष्ट सांगते. तिथं गोल्फ नावाचा खेळ आहे. काठीनं लहानसा चेंडू मारत लांबच्या खळग्यात घालायचा. हौसेनं खेळणारे श्रीमंत लोक आणि खेळावर पोट भरणारे गरीब लोक, असे दोन थर त्या खेळात होते. पोटासाठी खेळणाऱ्यांची मोठी स्पर्धा १८६० साली पहिल्यांदा झाली. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर एक लाल कातडी पट्टा. पैसा नाही. त्या काळचा एक नावाजलेला खेळाडू होता टॉम मॉरिस. त्यानं ही स्पर्धा चार वेळा जिंकली. पण त्याचं घर चाललं ते चेंडू बनवून आणि मैदानाची राखण करून.

आपल्या पैलवानाची गत काही वेगळी नव्हती. गदा मिळते, फेटा मिळतो, चांदीचं कडं मिळतं, हत्तीवरून मिरवणूक निघते. पण गदा काही चुलीवर शिजत नाही. म्हणून पैलवानाला गावोगावच्या मैदानांत जोड लावून लढावं लागतं, इनामावर खुराक चालवावा लागतो. बिराजदारही लढत राहिले. पुढं १९७२ चा दुष्काळ आला. आपल्यातल्या थोरल्या बायांना खडी फोडायची कामं आणि सुकडी अजून आठवत असेल. माणसाला भाकरी मिळेना, तिथं पैलवानाला खुराक कुठून मिळायचा? कित्येक पोरांनी त्या वर्षांत लंगोट खुंटीला टांगला असेल. बिराजदार मात्र फडात टिकून राहिले. रुस्तम-ए-हिंद हा देशातला मोठा किताब त्यांनी मिळवला आणि १९७७ साली बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालवर मात केली. हे तेच सतपाल, ज्यांनी पुढं १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. ती बेळगावची कुस्ती जुनी माणसं अजून पारावर सांगतात.

पैलवानाचं अंग फार वर्षं साथ देत नाही. गुडघे बोलायला लागतात, नवी पोरं अंगावर येतात. त्यानंतर काय करायचं, इथं पुष्कळ मल्ल हरतात. बिराजदार इथंही जिंकले, असं मला वाटतं. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरं घडवायला लागले. पोरं त्यांना मामा म्हणायची. २००६ साली सरकारनं त्यांना ध्यानचंद पुरस्कार दिला. १४ सप्टेंबर २०११ रोजी मामा गेले. ६१ वर्षांचे होते.

त्यांच्या हाताखाली बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा एक पोरगा शिकत होता, राहुल आवारे. मामा गेल्यावर लातूर जिल्ह्याचेच काका पवार यांनी त्याला पुढं शिकवलं. २०१८ साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेत त्या राहुलनं सुवर्णपदक जिंकलं आणि ते आपल्या गुरूला, बिराजदार मामांना, वाहिलं. एडिनबर्गच्या सोन्याला तेव्हा ४८ वर्षं झाली होती. एका माणसानं जिंकलेलं सोनं दुसऱ्याच्या हातात असं परत उगवलं.

आता आपल्या घरातलं बोलते. मामा लढत होते त्या काळात तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईला पाऊल टाकायची सोय नव्हती. तिनं तूप पाठवायचं, स्वतः जायचं नाही. आज तसं राहिलेलं नाही. २००४ पासून ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती आहे. २०१६ साली साक्षी मलिकनं तिथं कांस्यपदक जिंकलं. आपल्या राज्यात २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. ज्या मानासाठी १९६९ साली मामा लातूरच्या फडात उतरले, तो मान मुलीला मिळायला ५४ वर्षं जास्त लागली.

म्हणून जाता जाता एकच विचारते. तुमच्या घरात एखादी पोरगी असेल, भावाला बघून दंड थोपटणारी, शाळेत कबड्डीत सगळ्यांना लोळवणारी. तिला आपण म्हणतो, बास झालं, पोरीच्या जातीला शोभत नाही. आणि सकाळी दुधाचा पेला भरतो तो भावापुढं ठेवतो. धार आपणच काढतो, पेला आपणच भरतो. मग तो कुणापुढं ठेवायचा, हे तरी आपण का ठरवू नये?

पुढच्या जत्रेला हलगी वाजली की भांडी तशीच राहू द्या. पोरीचा हात धरा आणि फडाच्या पुढच्या रांगेत जाऊन बसा. कुणी विचारलं तर सांगा, आमच्या तालुक्याच्या मल्लाची कुस्ती आहे, आम्हाला जवळून बघायची आहे.