शेगावची पेठ : कापसापासून कचोरीपर्यंत



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलेली माणसं, बाजाराच्या इतिहासात कशाला शिरता? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच की 'विश्वास' हा शब्द आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, पण तो प्रत्यक्षात चालतो कसा हे पाहायचं तर दुकानाच्या गादीसमोर जाऊन बसावं लागतं. म्हणून आज शेगावच्या पेठेबद्दल बोलायचं आहे. मंदिराबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, आणि आमच्यापेक्षा अधिकारी आहेत.

शेगावची गोष्ट 23 फेब्रुवारी 1878 ला सुरू होते असं आपण धरून चालतो. भक्तपरंपरा सांगते की त्या दिवशी देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारे गजानन महाराज बंकटलाल अग्रवाल यांना दिसले. सगळ्यांचं लक्ष त्या शितांकडे जातं, ते साहजिक आहे. आम्ही मात्र जरा पाहणाऱ्याकडे पाहतो. बंकटलाल हे व्यापारी घरातले. पुढे महाराजांना त्यांनी नेलं ते आपल्याच घरी. म्हणजे काय, की महाराज प्रकट झाले तेव्हा शेगावात चांगली नांदती पेठ होती. मंदिरामुळे बाजार आला हे आजचं चित्र आहे. इतिहासातला क्रम उलटा आहे.

ही पेठ कशी आली? कापसामुळे आणि रेल्वेमुळे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळले. त्याच दशकात मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरला जाणारी लोहमार्गाची वाट तयार होत होती. 1867 मध्ये ती नागपूरला पोचली. कापसाचा नावाजलेला बाजार तेव्हा होता खामगावला, शेगावपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. पण मुख्य मार्ग खामगावला टाळून गेला आणि शेगावच्या दारातून गेला! खामगावसाठी मग जलंबहून फाटा काढावा लागला, आणि 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. शेगावला व्हाइसरॉय मिळाले नाहीत, स्टेशन मिळालं. व्यापाऱ्याच्या हिशोबाने हा सौदा वाईट नव्हता. जीन आले, प्रेस आले, गाठी बांधून मुंबईला जाऊ लागल्या. 1901 च्या जनगणनेत गावाची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती, तेव्हाच्या वऱ्हाडात ही वस्ती लहान नव्हे. तेव्हा शेगाव अकोला जिल्ह्यात होतं बरं का; 1905 च्या फेरबदलात ते बुलढाण्याकडे आलं.

त्या पेठेचं वर्ष दिवाळीला सुरू व्हायचं. वहीपूजन झालं की कापसाच्या गाड्या सुरू, त्या होळीपर्यंत. गाडीवान रात्री निघायचे, पहाटे बाजारात गाडी लावायचे. आता या व्यवहारात विश्वास कुठे होता ते बघा. शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी उचल घेतलेली असायची, ती सावकाराच्या वहीत. सावकार त्याला ओळखायचा, त्याच्या बापाला ओळखायचा, वावर किती, बैल कसे, सगळं ठाऊक. तिकडे व्यापारी आणि मुंबईची पेढी यांच्यामध्ये हुंडी चालायची. कागदाचा एक चिटोरा, आणि त्यावर मुंबईत पैसे मिळायचे. हे सगळं ओळखीवर चाललेलं. ज्याची हुंडी एकदा परत आली, तो पेठेतून उठला. म्हणून पत हा शब्द व्यापाऱ्याला पैशापेक्षा मोठा वाटतो.

पण ओळखीच्या या गोड चित्राला दुसरी बाजू आहे, ती सांगितली नाही तर आम्ही खोटं बोललो असं होईल. व्यापारी एकमेकांशी जितके चोख होते तितके शेतकऱ्याशी नव्हते. वऱ्हाडातच काय, देशातल्या कितीतरी बाजारांत दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून त्या रुमालाकडे पाहत असे. मग अडत, तोलाई, हमाली, कडता. शिवाय धर्मादाय! हा धर्मादाय आम्हाला नेहमी विचारात पाडतो. पैसे कापले जायचे शेतकऱ्याच्या पट्टीतून, त्यातून गोरक्षण किंवा धर्मशाळा उभी राहायची, आणि पाटीवर नाव यायचं शेटजींचं. दान कोणी केलं? नीतिशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न घालायला हरकत नव्हती. आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

तेव्हा ओळख पुरत नाही, नियम हवा, ही गोष्ट वऱ्हाडाने फार लवकर ओळखली. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 मध्ये कारंजाला सुरू झाला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा वेगळा कायदा झाला. भारतात त्या प्रकारचा तो पहिला. दर ठरले, वजनमापं तपासली जाऊ लागली, बाजार समिती आली. समितीवर कोण बसलं? व्यापारी, आणि नगरपालिकेची माणसं. ज्याचा कापूस होता त्याला खुर्ची नव्हती. 1928 साली शाही कृषी आयोगाने नेमकं यावर बोट ठेवलं. म्हणजे नियम करून एकतीस वर्षं झाली तरी रुमाल पूर्ण उचलला गेला नव्हता.

ही कापसाची गोष्ट आम्ही आता भरभर पुढे नेतो. स्वातंत्र्य आलं, आणि मग 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याने कापूस विकायचा तो फक्त सरकारी यंत्रणेला. योजना चांगली की वाईट यावर वऱ्हाडात अजून दोन माणसं एकत्र बसली तर तीन मतं निघतात. आपल्या विषयापुरतं इतकंच पाहायचं की कापसाचा खाजगी व्यापारी जवळपास तीस वर्षं त्या सौद्यातून बाहेर राहिला. ज्या पेठेचा कणा कापूस, तिने काय करावं? शेगावच्या पेठेला तोवर दुसरं गिऱ्हाईक भेटलेलं होतं. ते रेल्वेनेच आलं होतं.

इथे आपण स्टेशनवर जाऊ. 1950 च्या सुमारास तीरथराम करमचंद शर्मा नावाचे पंजाबी गृहस्थ फाळणीच्या धामधुमीनंतर शेगावला पोचले आणि स्टेशनवर कचोरी विकू लागले. आतमध्ये डाळीचं तिखट सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. पंजाबी माणसाने वऱ्हाडी जिभेचा ठाव घेतला, याचं आम्हाला फार कौतुक आहे. पण चव बाजूला ठेवून तुम्ही त्या व्यवहाराकडे पाहा. गाडी थांबते दोन-तीन मिनिटं. गिऱ्हाईक कलकत्त्याचं असेल, मुंबईचं असेल. ते उतरतं, पैसे देतं, पुडकं घेतं, चढतं. कचोरी शिळी निघाली तर तक्रार कुठे करणार? गाडी तोवर नांदुऱ्याला पोचलेली असते. सावकार आणि शेतकरी यांच्यात निदान पिढ्यांची ओळख होती. इथे तर दोघंही एकमेकांना पुन्हा दिसणार नाहीत.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी 1785 च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण घेतलं आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाला जादा भाव लावत नाही. लहान मूल आलं तरी तोच भाव. कांट विचारतात, तो प्रामाणिक आहे म्हणून असं वागतो, की असं वागण्यात त्याचा धंदा टिकतो म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कांटना या दुकानदाराला पुरते गुण द्यायचे नाहीत. आम्ही हे उदाहरण वर्षानुवर्षं शिकवलं, आणि शिकवताना आमच्या डोळ्यांसमोर नेहमी फलाट यायचा.

कारण विद्यार्थी असताना आम्ही भुसावळहून नागपूरकडे जात होतो, 1970-71 ची गोष्ट असेल. शेगावला खिडकीतून कचोरी घेतली, नोट दिली, आणि गाडी हलली. गेले पैसे, असं म्हणून आम्ही पुडकं उघडलं. तेवढ्यात एक पोरगं फलाटावरून धावत आलं आणि त्याने मोड खिडकीतून आत टाकली. अक्षरशः टाकली, नाणी बाकाखाली गेली. आता ते पोरगं कशामुळे धावलं? मालकाच्या धाकाने? सवयीने? की दुसऱ्याचे पैसे ठेवू नयेत म्हणून? आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या एका स्टेशनवर, नाव कशाला घ्या, आमच्या स्नेह्यांचे पैसे परत आले नाहीत तेव्हा मात्र तिथल्या पोराच्या हेतूबद्दल आम्हाला काहीच शंका वाटली नव्हती!

पण पेठेच्या इतिहासाच्या दृष्टीने कांटच्या प्रश्नाला एक पुरवणी जोडावी लागते. पुन्हा न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाशी चोख वागल्याने एक नाव तयार झालं, आणि ते नाव गावाचं झालं. पुण्यात जा, नागपुरात जा, 'शेगाव कचोरी' अशी पाटी दिसते. तिथे तळणाऱ्याचा शेगावशी संबंध असेलच असं नाही. हुंडीवर सही एका माणसाची असायची. इथे सही गावाची, आणि ती कोणीही करू शकतो. एकाने कमावलेली पत सगळे वापरतात. एकाने बिघडवली तर सगळ्यांची बिघडते.

मंदिराभोवतीच्या दुकानदाराचं तेच आहे, फक्त मोठ्या मापाने. संस्थान 1908 मध्ये महाराजांच्या हयातीतच स्थापन झालं. महाराजांनी समाधी घेतली 1910 मध्ये. शिवशंकरभाऊ पाटील यांच्या कारकिर्दीत संस्थानाची स्वच्छता, शिस्त, पाळीपाळीने येणारे विनावेतन सेवाधारी, मोफत महाप्रसाद, माफक दरातलं भक्तनिवास, हे सगळं राज्यभर नावाजलं गेलं. ते 2021 मध्ये गेले तेव्हा गावोगावच्या लोकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण पेठेत बसलेल्या लहान दुकानदाराच्या बाजूने एकदा पाहा. समोरचा जेवण फुकट देतो, खोली स्वस्त देतो, आणि नफ्यासाठी बसलेला नाही. त्याच्याशी स्पर्धा कशी करायची? करायचीच नाही, एवढाच मार्ग. आपण पेढे विकायचे, हार विकायचे, प्रसादाचं साहित्य, पितळेच्या मूर्ती, खेळणी. भाव फार चढवायचा नाही, कारण भाविक मंदिरातला अनुभव घेऊनच दुकानात येतो आणि त्याच मापाने आपल्याला मोजतो. आम्हाला वाटतं, शेगावच्या पेठेला कायद्याने लावली नसेल एवढी शिस्त या तुलनेने लावली.

आणि यातला धोकाही तिथेच आहे. पेठेचं पंचांग बदललं. दिवाळी ते होळी गेलं. आता प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी, गुरुवार, एकादशी. गिऱ्हाईक येतं ते दुसऱ्याच्या दाराशी, आणि जाता जाता आपल्याकडे वळतं. ते दार कधी उघडायचं हे पेठ ठरवत नाही. आनंदसागर काही वर्षं बंद होतं, तेव्हा एक मुक्काम ठेवून राहणारी कुटुंबं दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतू लागली. मग मार्च 2020 आला. राज्यातली मंदिरं 16 नोव्हेंबर 2020 ला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि घटस्थापनेला, 7 ऑक्टोबर 2021 ला परत उघडली. दीड वर्षात जेमतेम पाच महिने दार उघडं. कापसाचा व्यापारी एखादं वर्ष पीक बुडालं तर गोदामातल्या गाठींवर तग धरायचा. पेढेवाल्याला गोदाम नसतं.

त्या दीड वर्षात पेठ कशावर जगली, हा प्रश्न आम्ही ओळखीच्या दोन-तीन दुकानदारांना विचारला. त्यातल्या एकाने दुकान अर्धं करून किराणा ठेवला होता. म्हणाला, सर, तेव्हा पहिल्यांदा गावातलं गिऱ्हाईक दुकानात आलं, आणि आल्या आल्या उधारी मागितली. आम्ही विचारलं, मग दिली का? तो म्हणाला, द्यावीच लागली, माझ्या वडलांना ओळखत होते ते. त्याने वही काढून दाखवली. लाल कापडाची, बाजूने दुमडून बांधायची, तशीच जुन्या पद्धतीची.

वेळ संपत आली आहे. पुढच्या खेपेला आपण खामगावच्या चांदीच्या पेठेत जाऊ. प्रश्न असतील तर आता विचारा.