शेत पिकलें, संकेत हरपला

आश्विन सरत आला म्हणजे मनोरच्या परिसरांत भातशेतें पिकूं लागतात आणि कापणीची लगबग सुरू होते. वर्षाच्या कष्टाचें चीज होण्याचे हे दिवस. अशा वेळीं पिकल्या शेताकडे पाहून कोणी रडेल काय? महाराष्ट्री प्राकृतांतील 'गाथासप्तशती'मध्यें अशी एक मुलगी भेटते. भातशेतें पांढुरकीं होत आहेत आणि ती मान खालीं घालून रडत आहे. जवळची कोणी तिला समजावते : रडतेस कशाला? पिवळा शृंगार केलेल्या नटीसारखें तागाचें शेत अजून उभें आहे!

वरवर पाहतां हें पिकापाण्याचें बोलणें आहे. परंतु उंच भाताच्या आडोशास प्रियकराच्या भेटी होत असत आणि कापणीबरोबर तो आडोसा जाणार, हें एकदां उमगलें कीं सारी गाथा उजळून निघते. तींत प्रेमाचा उच्चारही नाहीं. गांवाचें सुगीचें सुख तेंच तिचें दुःख, एवढें मात्र कळतें.

हा संग्रह सातवाहन राजा हाल यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास केला, अशी परंपरा आहे. पुढें त्यांत भर पडत गेली. नांवाप्रमाणें गाथा सातशें असल्या, तरी वेगवेगळ्या पाठपरंपरांत समान अशा सुमारें ४३०च आढळतात. गाथेच्या दोन ओळींत बोलणारी कोण आणि ऐकणारा कोण, हें बहुधा सांगितलेलें नसतें. गंगाधरासारख्या टीकाकारांस तो प्रसंग कल्पून द्यावा लागला.

नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोका'त काव्याचा आत्मा ध्वनि होय असें प्रतिपादिलें, तेव्हां उदाहरणासाठीं तो याच गाथांकडे वळला. गोदावरीकांठच्या कुंजांतील सिंहानें तो कुत्रा मारला, आतां निर्धास्त हिंड, असें एका धार्मिकास सांगणारी स्त्री वस्तुतः त्याला तेथें येण्यापासून परावृत्त करीत असते. शब्द अनुमतीचे, अर्थ निषेधाचा.

या संदिग्धतेस केवळ अलंकार समजणें योग्य नव्हे. सासूनणंदांच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत जें उघड बोलतां येत नव्हतें, त्याला शेत, नदी, वेळूचें बेट यांचा आधार होता. दरबाराच्या आश्रयानें जमविलेल्या या गाथा खेड्यांतील स्त्रियांची प्रत्यक्ष जबानी नव्हत, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. तथापि अशा स्त्रीच्या मौनाचें मोल त्या कवींनीं जाणलें होतें, यांत शंका नाहीं.

आणखी एका गाथेंतील विरहिणी प्रवासास गेलेल्या प्रियकराचे दिवस भिंतीवर रेघा ओढून मोजते. पहिल्या दिवसाच्या पूर्वार्धांतच भिंत रेघांनीं भरून जाते. तिनें अश्रूंचें वर्णन केलें असतें, तर श्रोत्यानें ऐकून घेतलें असतें; भरलेल्या भिंतीपुढें मात्र त्याला तिचें दुःख स्वतःच मोजावें लागतें.